तिरक्या फळ्यांची डोण

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला. क्षय छातीला होतो एवढंच मला तोवर ठाऊक होतं. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो, आणि माणसाच्या शरीराबद्दलचं माझं ज्ञान इतर गणित शिक्षकांइतकंच होतं.

आधी सहा महिने ती पाठ दुखते म्हणत होती. खाली पडलेली पेन्सिल उचलायची तर ती वाकत नसे. एक हात गुडघ्यावर ठेवून सावकाश उकिडवी बसायची आणि तशीच पाठ ताठ ठेवून उठायची. म्हातारीसारखी काय बसतेस, म्हणून मी तिला चार वेळा तरी रागावलो असेन. कामाचा कंटाळा, असं तिची आई म्हणायची. दिवाळीत आम्ही बायकोच्या माहेरी सांगलीला गेलो, तेव्हा तिथं अंगणात पोरी झिम्मा खेळत होत्या आणि ही खांबाला धरून उभी होती. "पाय आपले वाटत नाहीत," असं ती मामीला म्हणाली. मामीनं ते आम्हाला सांगितलं. आम्हाला तिनं स्वतः सांगितलं नव्हतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला. काचेपुढं धरून मला दाखवला. मणक्यांच्या ओळीत एक मणका पुढच्या बाजूनं खचलेला होता. डॉक्टर वयस्क होते आणि आडपडदा न ठेवता बोलणारे होते.

"हाड मऊ झालंय. तिनं आता बसायचं नाही, वळायचं नाही, कूस बदलायची नाही. वर्षभर तरी. एरवी मी तिला प्लास्टरच्या साच्यात निजवली असती. पण युद्धामुळं प्लास्टर मिळत नाही, आणि माझ्याकडं खाटही रिकामी नाही."

"मग करायचं काय?"

"लाकडाची पेटी करून घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत. बाजू सरळ उभ्या नकोत, हात दाबले जातात. चारही बाजू बाहेर कललेल्या हव्यात, गुरांच्या पाण्याच्या डोणीसारख्या. आत कापूस भरून तिला घट्ट बसवायची. पायाकडची फळीही कललेली हवी, तळवे तिला टेकून राहतील. आणि एक लक्षात ठेवा, उचलताना ती पेटी जराही पिळता कामा नये. पेटी पिळली की तिची पाठ पिळली."

"किती दिवसांत हवी?"

डॉक्टरांनी मुलीच्या दिशेनं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पायांतली जाणीव कमी होत चाललीय. आठ दिवसांत तिला नीट निजवा. उशीर झाला तर पाय परत येतील असं मी सांगू शकत नाही."

घराच्या दाराची फळी मेहुण्यानं काढून दिली. तिच्यावर मुलीला बांधून आम्ही आगगाडीनं साताऱ्याला आणली. वाटेत गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ती ओठ चावायची. बायको तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. "त्याला पेटी म्हणू नका," एवढंच ती वाटेत मला म्हणाली. म्हणून मग आम्ही डोण म्हणू लागलो.

साताऱ्यात सुतार मिळेना. जे हाताचे चांगले होते ते सगळे लष्कराची खोकी आणि बराकी करायला पुण्याकडं गेले होते. मागं राहिलेल्या एकाला मोतीबिंदू झाला होता. दुसरा म्हणाला, महिन्यानं या. बाजारात सागवानही नव्हतं, परवान्याशिवाय फळी मिळत नसे. मी माळ्यावरच्या जमिनीच्या पाच फळ्या उपटल्या. जुनं सागवान होतं, बोटभर जाड. शाळेतल्या शिपायाकडून करवत, रंधा आणि काटकोन पाहायचा गुण्या आणला आणि ठरवलं, आपणच करू. चार फळ्यांचे कोन काढायचे आहेत. मी बारा वर्षं त्रिकोणमिती शिकवतोय.

आज हे लिहिताना त्या वाक्याची मला लाज वाटते, पण तेव्हा ते मी बायकोपुढं मोठ्यानं बोललो होतो.

बाजू तीस अंश बाहेर कलवायच्या होत्या. मी कागदावर आकृती काढली. प्रत्येक फळीचं टोक तीस अंश तिरकं कापायचं, आणि शेजारची फळी काटकोनात येणार म्हणून जाडीतून पंचेचाळीस अंशाचा काप द्यायचा. दोन मिनिटांचं गणित होतं. करवत चालवायला मात्र पुरा दिवस गेला. हाताला फोड आले. संध्याकाळी चारही फळ्या तळाच्या फळीभोवती उभ्या केल्या आणि कोपरे जुळवले. खाली टेकत होते, वर उघडत होते. प्रत्येक कोपऱ्याला अंगठा जाईल एवढी फट.

कापताना हात हलला असेल, असं मला वाटलं. कोनमापक लावून पाहिला. तीस होते. पंचेचाळीस होते. माझे सगळे आकडे बरोबर होते आणि डोण चूक होती.

तरीही खिळे मारून पाहिले. फटी कापडानं भरल्या. मग बायकोनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि उचलली. डोण आमच्या हातात करकरली आणि ओल्या धुण्यासारखी पिळली गेली. बायकोनं हळूच खाली ठेवली. मुलगी पलीकडं फळीवर पडून सगळं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. जाड कागदाची छोटी डोण केली. कापून, दुमडून, परत कापून. तेव्हा कळलं की टोकाचा तिरकेपणा तीस अंश नको, त्याहून कमी हवा. फळी कलली की तिची उंची कलत्या अंगानं मोजावी लागते. मी ती उभ्यानं मोजली होती. कागदाच्या डोणीवरून मोजला तर कोन साडेसव्वीसच्या आसपास आला. मला हायसं वाटलं. पण कागदाला जाडी नसते. जाडीतून किती अंशाचा काप द्यायचा, ते कागद सांगत नव्हता. पंचेचाळीस नाही हे उघड होतं. मग किती? लॉगॅरिदमचं पुस्तक पुढं घेऊन बसलो. एकदा उत्तर एकेचाळीस आलं, एकदा पस्तीस. जी फळी दोन्हीकडून कललेली आहे ती मला डोळ्यांपुढं धरताच येईना. वर्गात मी फळ्यावर सपाट त्रिकोण काढत आलो होतो. हे त्रिकोण हवेत होते.

शेवटी एकेचाळीस धरले आणि त्याच फळ्यांची टोकं चार बोटं मागं घेऊन पुन्हा कापली. घाई होती. दोन लांब फळ्या कापून झाल्यावर मी त्या समोरासमोर उभ्या केल्या. दोन्ही फळ्यांच्या दोन्ही टोकांना काप एकाच बाजूला झुकलेला होता. डावं आणि उजवं टोक एकमेकांचं प्रतिबिंब असायला हवं. मी दोन्ही सारखीच कापली होती. आता पुन्हा मागं घेऊन कापायला जागा नव्हती. फळ्या मुलीपेक्षा आखूड झाल्या होत्या.

मी त्यातली एक उचलून भिंतीवर मारली. गिलावा पडला. आतून मुलीचा आवाज आला.

"बाबा, माझ्यामुळं तुमचं लाकूड वाया गेलं का?"

मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं रोज सकाळी मी तिच्या तळव्याला सुईचं टोक हलकेच लावायचो आणि विचारायचो, "कळलं?" ती म्हणायची, "कळलं." चौथ्या सकाळी तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर रोखलेले मला दिसले. माझा हात हलला की ती "कळलं" म्हणत होती. मी तिला डोळे मिटायला सांगितलं. सुई डाव्या पावलाला लावली, घोट्याला लावली, पोटरीला लावली. ती गप्प होती.

"बाबा, लावा ना," ती म्हणाली.

तोवर माझा हात तिच्या गुडघ्यापर्यंत गेला होता.

त्या दिवशी दुपारी बायकोनं मला ज्वारी दळून आणायला पाठवलं. घरात पीठ होतं, हे नंतर लक्षात आलं. मला घराबाहेर काढायचं होतं तिला. गिरणीत मी पाळी येण्याची वाट बघत बसलो होतो. समोर जात्यावर लाकडी चाडं होतं, ज्यात धान्य ओततात ते. चौकोनी, वर रुंद, खाली अरुंद. चारही बाजू कललेल्या. मी उठून जवळ गेलो आणि त्याच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. बारीक पिठाची धूळसुद्धा त्या सांध्यातून गळत नव्हती.

"हे कुणी केलं?" मी गिरणीवाल्याला ओरडून विचारलं. पट्ट्याचा आवाज चालू होता.

"उंब्रजचा सुतार हाय. लय वर्सं झाली त्येला."

डबा तिथंच ठेवून मी निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं उंब्रजला गेलो. बरोबर पोत्यात बिघडलेल्या दोन फळ्या आणि आकड्यांनी भरलेला कागद होता. त्या काळात साताऱ्याकडं पोलिसांची झडती फार असे. वाटेत मोटार थांबवून एका हवालदारानं पोतं उघडायला लावलं. कागद उलटासुलटा करून त्यानं विचारलं, "हे कसले आकडे?" मी म्हणालो, "कोन आहेत. मुलीसाठी डोण करतोय." त्यानं माझ्या हातांवरच्या चिंध्यांकडं पाहिलं आणि कागद परत दिला.

उंब्रजला सुताराचं घर सापडलं, पण सुतार नव्हता. त्याची बायको अंगणात शेणी थापत होती. चाळिशीची असेल. हात तसेच शेणाचे ठेवून तिनं सांगितलं, "धनी न्हाईत. लष्कराच्या कामाला पुण्याला गेल्यात. दिवाळीलाबी आलं न्हाईत."

मी तिथंच ओट्यावर बसलो. परत जायची मोटार दुपारी होती. आठातले पाच दिवस गेले होते. तिनंच विचारलं, "काय काम हुतं?"

मी सांगितलं. मुलीचं, डॉक्टरांचं, फळ्यांचं. ती हात धुऊन आली, पोत्यातून फळी काढली, टोकावरून बोट फिरवलं.

"आवं मास्तर, तुमी फळी आडवी निजवून कापलीया व्हय?"

"हो. मग कशी कापायची?"

"निजवून कापल्याव ती कललेली बसंल कशी? जशी डोणीत ऱ्हाणार हाय तशीच धरायची, आन मग कापायची."

मला समजलं नाही. तिनं घरातून तीन फळ्यांचं एक जुनं खोकं आणलं. तळ आणि दोन भिंती, दोन्ही भिंतींना समोरासमोर करवतीच्या खाचा. वरून पाहिलं की खाचा कोपऱ्यातून तिरक्या जात होत्या, बरोबर पंचेचाळीस. तिनं माझी फळी त्यात उभी ठेवली, खालची कड तळाला टेकवून. मग वरची कड मागं झुकवली, हवी तेवढी कलली तशी पाठीमागं लाकडाची पाचर दिली.

"आता करवत ह्या खाचंत सोडा. सरळ उभी. हिकडं तिकडं वाकवायची न्हाई. फळीच कललेली हाय, करवतीनं कशाला कलायचं?"

मी फळीकडं बघत राहिलो. दोन कल होते आणि मी ते वेगवेगळे मोजून एकमेकांना चिकटवत होतो, पण एक बदलला की दुसऱ्याचं माप बदलत होतं. फळी जागेवर उभी केली की दोन्ही आपोआप बरोबर येत होते.

"किती अंश येतात हे?" मी विचारलं.

"मला आकडं येत न्हाईत. वीस वर्सं मी निस्ती फळी धरती. धनी करवत वढत्यात, मी धरती." तिनं फळीच्या कडेवर बोट ठेवलं. "फळीची खालची कड कवाबी हलू द्यायची न्हाई. आन दुसऱ्या टोकाला दुसरी खाच, न्हाईतर डावं-उजवं चुकतं."

"चुकलंच माझं."

"चुकतंयच. आमच्या धन्यांचंबी पयल्यांदा चुकलं हुतं."

मी निघालो तेव्हा तिनं ते खोकं माझ्या पोत्यात घातलं. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "पोर निजंल मग आणून द्या."

घरी आता लाकूड नव्हतं. माळ्यावर आणखी फळ्या उपटल्या असत्या तर छप्पर हललं असतं. मी हे बायकोला सांगत होतो, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होती. ते सागवानी होतं, चार रुंद फळ्यांचं, तिच्या सासूच्या वेळचं.

"ते काढा," ती म्हणाली.

"स्वयंपाकघर उघडं पडेल. मांजरं येतील, पावसाळ्यात—"

"काढा म्हणते ना."

दार काढलं, पट्ट्या सोडवल्या. फळ्या चारच होत्या. एक जरी चुकली तरी दुसरी नव्हती. बायको खोक्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी खालची कड दाबून धरली. मी करवत लावली, पण ओढवेना. चार दिवसांत मी इतकं लाकूड बिघडवलं होतं की पहिला दात टेकवायचीच भीती बसली होती.

"ओढा," ती म्हणाली. "मी धरलंय."

मी करवत उभी ठेवली आणि ओढली. एक टोक, मग खाच बदलून दुसरं. मग दुसरी फळी. दुपार कलली तेव्हा आठही टोकं कापून झाली होती. अंगणात तळाची आधीचीच फळी मांडली आणि पहिल्या दोन बाजू उभ्या करून कोपरा जुळवला.

फळ्या एकमेकींना भिडल्या आणि मिटल्या. वरपासून खालपर्यंत एक रेघ राहिली, बस्स. बायको त्या रेघेकडं बघून रडायला लागली. मी रडलो नाही, कारण अजून तीन कोपरे होते. दोन असेच बसले. चौथ्याला पोस्टकार्डाच्या जाडीची फट राहिली. तिथं बहुधा तिचा तळवा सरकला होता किंवा माझी करवत; आम्ही दोघांनीही ते विचारलं नाही. सरस तापवून त्यात लाकडाचा भुसा कालवला आणि ती फट भरली. आतून चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे बसवून स्क्रू पिळले. सरस वाळायला एक रात्र आणि एक दिवस गेला. मग एका टोकाला ती आणि दुसऱ्याला मी असे उभे राहिलो आणि उचलली. डोण हलली नाही. बायकोनं मुद्दाम आपलं टोक पिळून पाहिलं. दगडासारखी होती.

सातव्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुलीला त्यात ठेवलं. कापसाच्या गाद्या दोन्ही बाजूंनी दाबल्या, तळवे पायाकडच्या फळीला टेकवले. ती छताकडं बघत म्हणाली, "दुखत नाहीये." मग पुन्हा, जरा घाबरून, "बाबा, खरंच दुखत नाहीये." ती आता मला बरं वाटावं म्हणून बोलते की खरं बोलते, हे मला समजेना. ते पुढं कितीतरी महिने समजलं नाही.

पाय लगेच परत आले नाहीत. दीड महिना सुई लावली तरी ती गप्प असायची. त्या दिवसांत मी शाळेत जायचो, यायचो, आणि डोण करायला उशीर केला याचाच हिशोब मनात मांडायचो. पहिल्या दिवशी उंब्रजला गेलो असतो तर. आपल्याला येतं असं मानलं नसतं तर. डोण चांगली झाली म्हणून शेजारी बघायला यायचे, कोपऱ्यांवरून हात फिरवायचे, मास्तरांनी काय काम केलंय म्हणायचे. मी तिथून उठून जायचो.

पौष महिन्यात एके सकाळी, डोळे मिटलेले असताना, ती "आई गं" म्हणाली. मी सुई उजव्या पोटरीला लावली होती.

सव्वा वर्ष ती त्या डोणीत राहिली. मधल्या काळात ती वाढली, तळवे फळीला दाबू लागले, तेव्हा पायाकडची बाजू सोडवून दुसरी बसवावी लागली. उजवा पाय पुरता परत आला. डावा आला, पण ओढत चालण्याइतकाच. पाठीला मणका खचला होता तिथं कुबड राहिलं. डॉक्टर म्हणाले, याहून बरं होणार नाही, आणि याहून वाईट झालं असतं.

तिला पहिल्यांदा उठवून बसवलं तो दिवस मला आठवतो. माघ होता. बसवताच तिला घेरी आली आणि उलटी झाली. तोंड पुसून तिनं डोळे उघडले, कितीतरी वेळ समोर बघत राहिली, आणि आईला म्हणाली, "तू एवढीशी कशी गं झालीस?" सव्वा वर्ष तिनं आम्हाला फक्त खालून पाहिलं होतं.